आईच्या गुडघ्यांच्या मापाचं बाकडं

आईला बागेत बसायला फार आवडतं. पण गेल्या वर्षभरात तिनं ते जवळजवळ सोडूनच दिलं होतं. बागेत एक बुटकी प्लॅस्टिकची खुर्ची होती. बसायला बरी, पण उठताना आईला दोनदा जोर लावावा लागायचा आणि तिसऱ्यांदा ती मला हाक मारायची. अशी हाक मारायची वेळ यावी हेच तिला आवडत नाही. ती काही बोलली नाही. नुसती घरात खिडकीशी खुर्ची ओढून तिथूनच झाडं बघायला लागली.

तयार बाकडी मी बघितली होती. परवडणारी होती ती इतकी हलकी, की एका टोकाला बसलं तर दुसरं टोक उचललं जाईल. भक्कम होती ती परवडणारी नव्हती. आणि दोन्हींची उंची आईच्या उपयोगाची नव्हती. मग ठरवलं, आपणच करायचं. सुतारकाम मी शिकलेली नाही. शाळेत असताना केलेली एक फोटोची चौकट आणि घरातल्या दोन-तीन फळ्या, एवढाच हात चाललेला.

पहिलं माप मी लाकडाचं घेतलं नाही, आईचं घेतलं. तिला चप्पल घालून खुर्चीवर बसवलं आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत टेप लावला. ४२ सेंटीमीटर भरले. मग घरातल्या एकेका खुर्चीवरून तिला उठायला सांगितलं. जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीवरून ती कशालाही न धरता उठली. त्या खुर्चीची उंची ४७. सर्वसाधारण बाकड्याची बैठक ४२ ते ४५ सेंटीमीटर उंच असते आणि धडधाकट माणसाला ती बरोबर वाटते. पण गुडघे दुखत असले की एवढा दोन-पाच सेंटीमीटरचा फरकच उठणं आणि न उठणं ठरवतो. बैठक उंच असली की गुडघा कमी वाकतो आणि वर येताना मांडीवर ताण कमी पडतो. म्हणून ४७ नक्की केलं.

हे सगळं चालू असताना आई म्हणाली, "आणि हात टेकायला काही असेल का गं?" तोवर माझ्या डोक्यात चार पाय आणि वर पट्ट्या, एवढंच साधं बाकडं होतं. तिच्या त्या एका प्रश्नानं आराखडा बदलला. पाठ नको, कारण बाकडं भिंतीजवळच राहणार होतं. पण एका टोकाचे दोन्ही पाय बैठकीच्या वर काढायचे आणि त्यांच्या डोक्यावर हाताला आडवी पट्टी द्यायची. दोन्ही टोकांना हात दिले नाहीत, कारण तेवढं लाकूड नव्हतं. शिवाय दुसरं टोक मोकळं राहिलं की कुंड्या हलवताना त्यावर टेकवता येतात.

आता लाकूड. वीस वर्षं माळ्यावर पडलेला एक जुना सागवानी पलंग होता. त्याच्या दोन लांब बाजू म्हणजे १९२ सेंटीमीटर लांब, १२ रुंद आणि ४ जाड असे दोन सरळसोट तुकडे. सागवानाच्या गाभ्यात मुळातच तेल असतं. त्यामुळे ते पाण्याला आणि वाळवीला इतर लाकडांसारखी सहज दाद देत नाही. इतकं चांगलं लाकूड घरातच पडून होतं आणि मी बाजारात किमती विचारत फिरत होते. पलंगाला रंग नव्हता, नुसतं पॉलिश होतं, म्हणून मी निर्धास्तपणे घासलं. जुन्या रंगवलेल्या लाकडाला असा हात लावू नका. पूर्वीच्या तैलरंगांत शिसं असायचं आणि घासताना त्याची धूळ थेट श्वासात जाते.

दोन्ही बाजू मी लाकडाच्या वखारीत नेऊन यंत्रावर उभ्या चिरून आणल्या. दोन मीटर लांब उभी चीर हातकरवतीनं सरळ मारणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. चार वासे मिळाले, प्रत्येक साधारण पावणेसहा सेंटीमीटर रुंद.

करवत हातात घेण्याआधी एक संध्याकाळ मी फक्त कागद-पेन्सिल घेऊन बसले. माझ्या मते पैसे वाचतात ते इथे. पहिल्या वाशातून ९४ सेंटीमीटरच्या दोन लांब आडव्या, म्हणजे पायांना जोडणारे आडवे तुकडे. दुसऱ्यातून ६५ चे दोन उंच पाय आणि ४५ चा एक आखूड. तिसऱ्यातून दुसरा आखूड पाय, हाताची पट्टी ४२ ची आणि ३४ चे तीन आडवे तुकडे. चौथ्यातून ३४ चे आणखी दोन आणि तिरक्या आधारांसाठी २५ चे चार. प्रत्येक काप करवतीच्या पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुशात घालवतो, तेही धरायचं. सगळं कापून झाल्यावर कामाला येईल असा चौथ्या वाशाचा वीस-बावीस सेंटीमीटरचा एकच तुकडा उरला. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

बैठकीच्या पट्ट्या पॅलेटच्या, म्हणजे माल रचून ठेवायच्या लाकडी चौकटीच्या. एका गोदामाबाहेर दोन पॅलेट पडून होत्या, विचारून आणल्या. पॅलेट उचलण्याआधी तिच्या बाजूच्या ठोकळ्यावरचा शिक्का बघायचा. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या लाकडी बांधणीसाठी आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यानुसार किडे मारण्याची प्रक्रिया केल्याचा छाप असतो. गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि प्रक्रियेची दोन. 'एचटी' असेल तर लाकूड तापवलंय, म्हणजे त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं ठेवलेलं. असं लाकूड निवांत वापरावं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ओझोनचा थर विरळ करणारा हा वायू १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली नियंत्रणात आणला गेला. तशी पॅलेट घरी आणू नका. आणि शिक्का चांगला असला तरी तेलकट डाग किंवा औषधाचा वास असलेली पॅलेट तिथेच सोडा. तिच्यावर काय सांडलंय हे शिक्का सांगत नाही.

पॅलेटच्या पट्ट्या सोडवताना पहिली मी हातोडीच्या नख्यांनी उपटायला गेले आणि ती टोकाला उभी फाटली. त्या खिळ्यांना आटे किंवा कडा असतात, ते सुटतच नाहीत. त्यापेक्षा पट्टी आणि ठोकळ्याच्या फटीत पाचर मारून थोडी जागा करायची आणि हॅकसॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या पात्यानं खिळा मधोमध कापायचा. डोकं पट्टीत राहतं, ते मागून ठोकून काढायचं. एका पट्टीला दहा मिनिटं लागली, पण पट्टी अख्खी निघाली. दोन्ही टोकांची खिळ्यांची भोकं कापून टाकल्यावर ११० सेंटीमीटरच्या सहा चांगल्या पट्ट्या मिळाल्या. मला चारच हव्या होत्या. प्रत्येकी साडेनऊ सेंटीमीटर रुंद आणि मधे आठ मिलिमीटरची फट, म्हणजे ४० सेंटीमीटरची बैठक. फट सोडायलाच हवी. पाणी निथळून जातं आणि पावसाळी हवेत पट्ट्या फुगल्या तरी एकमेकींना ढकलत नाहीत. लाकूड ओलाव्यानं फुगतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

शेजारच्या काकांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांनी उभा जन्म फर्निचरच्या कामात घालवला, आता हात थरथरतात म्हणून काम सोडलंय. त्यांनी मला रंधा, काटकोन बघायचा गुण्या आणि लाकूड कोरायची एक पटाशी दिली. पटाशी स्वतः घासून, अंगठ्याच्या नखावर धार तपासून मगच माझ्या हातात ठेवली. मी त्यांना म्हटलं, "काका, मी तर आडव्या नुसत्या स्क्रूनं पायांना जोडणार आहे." ते म्हणाले, "जोड. पण भार स्क्रूवर टाकू नकोस. लाकडाला लाकडावर बसव, स्क्रूला नुसतं धरून ठेवायला सांग."

हे वाक्य मी पेन्सिलीनं एका वाशावर लिहून ठेवलं होतं. त्याचा अर्थ असा, की पायाच्या बाजूला स्क्रूनं आडवी नुसती चिकटवली तर बसणाऱ्याचं सगळं वजन दोन बारीक स्क्रू तोलतात. त्याऐवजी पायात दोन सेंटीमीटर खोल खाच घेतली आणि आडवी त्या खाचेत बसवली, की वजन खाचेच्या कडेवरून सरळ पायात उतरतं. पुढे स्क्रू थोडा सैल झाला तरी बाकडं खाली येत नाही.

खाच घ्यायची रीत साधी आहे. आडवी प्रत्यक्ष पायावर ठेवून टोकदार पेन्सिलीनं तिच्या दोन्ही कडा उतरवून घ्यायच्या, मोजून रेघा मारायच्या नाहीत. रेघेच्या आतल्या अंगानं करवतीचे सहा-सात काप दोन सेंटीमीटर खोलीपर्यंत द्यायचे आणि मधले पापुद्रे पटाशीनं उडवायचे. पहिली खाच सैल झाली. कागद सरकेल एवढी फट राहिली. कारण मी रेघेवरच करवत चालवली, आणि रेघेची जाडी गेली. दुसऱ्या खाचेपासून रेघ शिल्लक ठेवून कापलं, मग एकेक पापुद्रा काढत आडवी बसवून बघितली. चौथी खाच अशी जमली की आडवी तळहातानं दाबली तर 'टक्' करून बसली आणि पाय उचलला तरी पडली नाही. मी त्या वेळी एकटीच होते. दोनदा काढून पुन्हा बसवली, फक्त तो आवाज ऐकायला.

स्क्रूच्या बाबतीत मात्र मी कुठेही हात आखडता घेतला नाही. एकूण खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, पाण्याला टिकणारा गोंद आणि तेल यांवरच गेला. लाकूड फुकट मिळालं म्हणून बाकीही स्वस्तात उरकायचं, हा हिशेब बाहेर ठेवायच्या वस्तूला लागू होत नाही. साधा लोखंडी स्क्रू पावसात गंजतो आणि सागवानासारख्या लाकडातल्या द्रव्यांशी लोखंडाची गाठ पडली की भोवती काळे डाग पसरतात. आमच्याच पलंगावर जुन्या खिळ्यांभोवती ते दिसत होते.

स्क्रू मारण्याआधी भोक पाडायचं, हे मला पॅलेटच्या एका पट्टीनं शिकवलं. टोकापासून तीन सेंटीमीटरवर मी थेट स्क्रू पिळला आणि पट्टी रेषांच्या बाजूनं चरचरत उघडली. सहाच्या पाच झाल्या. मग प्रत्येक जागी दोन भोकं. वरच्या तुकड्यात स्क्रू सहज सरकेल एवढं मोठं, खालच्यात स्क्रूच्या आट्यांमधल्या दांडीएवढं. वरचं भोक सैल असलं तरच स्क्रू दोन्ही तुकड्यांना एकमेकांकडे ओढून घेतो. सागवानात स्क्रू जड जातो, त्याला कोरडा साबण घासायचा. आणि स्क्रू शक्यतो लाकडाच्या अंगात मारायचा, टोकाच्या छेदात नाही. छेदात मारलेला स्क्रू रेषांना समांतर जातो आणि त्याची पकड कमी राहते.

गोंद फक्त पाय-आडव्यांच्या सांध्यांत लावला. बैठकीच्या पट्ट्यांना लावला नाही, त्यांना फुगायला-आकसायला मोकळीक हवी. हाताच्या टोकाला पाय बैठकीतून वर येतात, म्हणून पुढच्या आणि मागच्या पट्टीला तिथे चौकोनी खाच द्यावी लागली. त्या खाचेभोवतीही तीन मिलिमीटर मोकळे ठेवलेत.

सांगाडा काटकोनात आहे का हे बघायला गुण्या पुरत नाही, दोन्ही कर्ण मोजायचे. माझे कर्ण पहिल्यांदा नऊ मिलिमीटरनं वेगळे आले. गोंद ओला असतानाच लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना दोरी बांधली आणि काडीनं पिळत ते सारखे केले. रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी उभं केलं तर बाकडं लांबीच्या दिशेनं झुलत होतं. चार खाचा कितीही घट्ट असल्या तरी चौकोन चौकोनच असतो, ढकलला की तिरपा होतो. त्रिकोण होत नाही. म्हणून ते २५ सेंटीमीटरचे चार तुकडे प्रत्येक पायापासून आडवीपर्यंत तिरके लावले. शेवटचा स्क्रू आवळला आणि बाकडं ढकलून बघितलं, तर बाकड्याऐवजी मीच मागे सरकले.

एक मोठी चूक राहिली सांगायची. पाय कापताना मी पहिल्या पायावरून दुसरा आखला, दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या रेघेएवढी चूक जमा होत गेली आणि बाकडं एका पायावर सहा मिलिमीटर डुगडुगलं. सगळे पाय एकाच मूळ तुकड्यावरून आखायचे असतात. आता उपाय काय? एक पाय तासायचा, बघायचं, मग दुसरा, असं केलं तर बाकडं बुटकंच होत जातं. काकांनी रीत सांगितली. सपाट फरशीवर बाकडं ठेवलं, बैठकीवर पाणसळ ठेवून पायांखाली पातळ चिपा सरकवत ती दोन्ही दिशांना समपातळीत आणली. मग तो वीस सेंटीमीटरचा उरलेला तुकडा आठवतोय ना, त्यातून आठ मिलिमीटर जाडीची चकती कापली. तिच्यावर पेन्सिल आडवी धरून फरशीवरून सरकवत चारही पायांभोवती रेघ मारली आणि त्या रेघेवर कापलं. डुगडुग एका फटक्यात गेली. बैठक ४६ च्या थोडी वर उरली. आईला पुन्हा उठबस करायला लावली आणि तिनं मान डोलावली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

पॉलिश पेपर ८० नंबर, मग १२०. बाहेरच्या बाकड्याला याहून गुळगुळीत करण्यात अर्थ नाही, पण कडा मात्र मन लावून गोल केल्या. मांडीखाली येणारी पुढच्या पट्टीची कड आणि हाताच्या पट्टीचं टोक यांवरच मी अर्धी दुपार घालवली. आईचा तळवा डोळ्यांपुढे ठेवून ते टोक घासलं.

मग जवसाचं तेल, लवकर वाळणारं. पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्यायचं, दिवसभर वाळू द्यायचं, असे तीन हात. पायांचे तळ मात्र वेगळे हाताळले. लाकडाचा आडवा छेद म्हणजे नळ्यांची जुडी, तिथून पाणी वर शोषलं जातं. म्हणून चारही पाय रात्रभर तेल ओतलेल्या वाट्यांत उभे ठेवले. सकाळी वाट्या जवळजवळ कोरड्या होत्या. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी त्यात मूळ धरत नाही. म्हणून पाय मातीत न टेकवता चार सपाट दगडांवर ठेवलेत आणि भिंतीपासून एक वीत अंतर सोडलंय.

तेल पुसलेल्या फडक्यांबद्दल कळकळीनं सांगते. त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं आणि त्यात उष्णता निघते. बोळ्यात ती साठत जाते आणि फडकं काडी न लावता पेट घेतं. १९९१ मध्ये फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत अशाच तेलाच्या फडक्यांपासून आग लागली आणि तिच्यात तीन अग्निशामक जवानांचा जीव गेला. मी फडकी बाहेर दोरीवर एकेक पसरून कडक वाळवली, मगच टाकली.

चार सुट्ट्यांचे दिवस आणि मधल्या काही संध्याकाळी लागल्या. पहिल्यांदा नवरा आणि मुलगा दोघं एकदम बसले, मग मी मधे बसले. काही करकरलं नाही. नंतर आई आली. मी हात पुढे केला होता, पण तिनं तो धरला नाही. उजवा तळवा पट्टीवर ठेवला, बसली, आणि थोड्या वेळानं तशीच, पट्टीला रेटा देऊन उठली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. "आता मला सकाळी चहा इथेच आणून दे," एवढंच म्हणाली.

परवा पहिला मोठा पाऊस झाला. थांबल्यावर मी खाली वाकून बघितलं. फटींमधून पाणी छान निथळलं होतं, पायांचे तळ कोरडे होते. तिसऱ्या पट्टीवर एका स्क्रूचं डोकं मी जरा जास्तच खोल नेलंय, तिथे खळगीत पाणी साचून राहतं. येत्या रविवारी तिथे लाकडाची गुटी गोंद लावून ठोकायची आहे. आणि आईचं म्हणणं आहे की बाकडं हातभर डावीकडे हवं, नऊनंतर तिथे सावली राहते. तेव्हा दगडही उचलावे लागतील.